आई-वडिलांचा मधुमेह आणि मुलांच्या हृदयाचा ब्रेक

समजा, दोन तरुण शेजारी-शेजारी आडवे पडले आहेत. दोघांचं वय २२. उपाशीपोटी शुगर ९० च्या आतबाहेर, बीपी ११८/७६, वजन उंचीला साजेसं. दोघांच्या रिपोर्टवर डॉक्टर ‘नॉर्मल’ असंच लिहितील. फरक इतकाच की पहिल्याच्या घरात मधुमेह नाही आणि दुसऱ्याच्या आईला किंवा वडिलांना टाइप २ मधुमेह आहे. आता दोघांच्या छातीला ईसीजीचे इलेक्ट्रोड लावायचे, पाच मिनिटं शांत पडून राहायला सांगायचं आणि दर दोन ठोक्यांमधलं अंतर मिलिसेकंदात मोजायचं. अशा तरुणांचे गट करून तुलना केली, तेव्हा बऱ्याच अभ्यासांत दुसऱ्या गटाचे ठोके जरा जास्तच एकसारख्या अंतराने पडताना दिसले आहेत. काही अभ्यासांत विश्रांतीतली नाडीही थोडी वरचढ निघाली.

ठोके घड्याळासारखे नेमके पडणं ही चांगली गोष्ट वाटते. हृदयाच्या बाबतीत मात्र अति नेमकेपणा ही तक्रारीची खूण आहे. ती का, आणि आई-वडिलांच्या साखरेचा तिच्याशी काय संबंध, हे समजायचं तर आधी हृदयाच्या ब्रेककडे पाहावं लागतं.

हृदयाचा ब्रेक

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक छोटा पुंजका असतो, त्याला सायनस नोड म्हणतात. ठोका तिथून सुटतो. या पुंजक्याच्या सगळ्या नसा बंद केल्या आणि त्याला आपल्या मर्जीवर सोडलं, तर तो मिनिटाला साधारण १०० ठोके देतो. तरीही निवांत बसलेल्या निरोगी माणसाची नाडी ६० ते ८० असते, कारण व्हेगस नावाची नस त्याला सतत आवरून धरते. मेंदूच्या देठातून निघून ही नस मानेतून छातीत आणि पुढे पोटात उतरते. आपण न सांगता चालणारी शरीराची जी कामं आहेत, ती सांभाळणाऱ्या स्वायत्त चेतासंस्थेचा शांत करणारा भाग, म्हणजे पॅरासिम्पथेटिक, मुख्यतः याच नसेतून काम करतो. दुसरा भाग सिम्पथेटिक. धावताना, घाबरल्यावर किंवा नुसतं उठून उभं राहतानाही तो नाडी वाढवतो, रक्तवाहिन्या आवळतो, यकृताला साखर सोडायला लावतो.

दोघांच्या वेगात मोठा फरक आहे आणि सगळं मोजमाप त्याच फरकावर उभं आहे. व्हेगसचा हुकूम पुढच्या एक-दोन ठोक्यांत अंमलात येतो. सिम्पथेटिकचा परिणाम दिसायला काही सेकंद जावे लागतात. त्यामुळे ठोक्यागणिक होणारा झटपट बदल हा जवळजवळ सगळा व्हेगसचा असतो. हे स्वतःच्या मनगटावरही जाणवतं. नाडीवर बोटं ठेवून पाच सेकंद श्वास आत घ्या आणि पाच सेकंद बाहेर सोडा. श्वास आत जाताना नाडी किंचित पळते आणि बाहेर जाताना रेंगाळते. श्वास घेताना व्हेगस पकड सैल करते आणि सोडताना पुन्हा घट्ट करते. तरुणपणी हा चढउतार ठळक असतो, वयाबरोबर तो कमी होत जातो.

या चढउताराला हार्ट रेट व्हेरिएबिलिटी, थोडक्यात एचआरव्ही म्हणतात. त्याची सगळ्यात उपयोगी मोजणी आरएमएसएसडी नावाची आहे आणि ती कागदावर करून पाहण्यासारखी आहे. एकाच्या ठोक्यांमधली अंतरं ८२०, ८६०, ९००, ८५० आणि ८१० मिलिसेकंद आहेत असं धरू. लागोपाठच्या अंतरांमधला फरक ४०, ४०, ५० आणि ४०. त्यांचे वर्ग १६००, १६००, २५०० आणि १६००. बेरीज ७३००, चाराने भागलं की १८२५, आणि त्याचं वर्गमूळ जवळपास ४३ मिलिसेकंद. दुसऱ्याची अंतरं ७००, ७०५, ७१०, ७०४ आणि ७००. फरक ५, ५, ६ आणि ४, वर्गांची बेरीज १०२, चौथा हिस्सा २५.५, वर्गमूळ ५ मिलिसेकंद. पहिल्याची नाडी मिनिटाला ७१ पडते, दुसऱ्याची ८५. नाडी मोजून दोघंही ‘नॉर्मल’ ठरतात, पण दुसऱ्याच्या ब्रेकवर पाय नीट पडलेला नाही हे ४३ आणि ५ या दोन आकड्यांत दिसतं. फरक कळावा म्हणून ही आकडेवारी मुद्दाम टोकाची घेतली आहे आणि खऱ्या मोजणीत पाच मिनिटांचे तीन-चारशे ठोके लागतात. मधुमेह असलेल्यांच्या मुलांत दिसणारा सरासरी फरक इतका मोठा नसतो.

इथेच एक इशारा. या विषयावरच्या कितीतरी लेखांत ‘एलएफ-एचएफ गुणोत्तर वाढलं म्हणजे सिम्पथेटिक वाढली’ असं सरळ लिहिलेलं असतं. एचएफ म्हणजे ०.१५ ते ०.४० हर्ट्झमधला चढउतार. तो श्वासाशी बांधलेला आहे आणि व्हेगसचाच आहे, यावर एकमत आहे. एलएफ, म्हणजे ०.०४ ते ०.१५ हर्ट्झमधला भाग, मात्र दोन्ही नसांची आणि रक्तदाब आपोआप सांभाळणाऱ्या प्रतिक्षेपाची खिचडी आहे. तो सिम्पथेटिकचा शुद्ध माप नाही. म्हणून केवळ या गुणोत्तरावर उभा असलेला निष्कर्ष आम्ही हातचं राखूनच वाचतो. एचएफ आणि आरएमएसएसडी कमी, सोबत नाडी वाढलेली, असं तिन्ही एका दिशेला बोट दाखवत असतील तर त्याला वजन आहे.

साखर वाढण्याआधी ब्रेक का सैल पडतो

मधुमेह झालेल्या माणसाच्या नसा वर्षानुवर्षांच्या साखरेने खराब होतात हे बहुतेकांना माहीत असतं. व्हेगस लांबलचक नस असल्यामुळे तिला झळ लवकर लागते. तो खरोखरीचा इजेचा प्रकार आहे, त्यात नसेचे धागे मरतात. मधुमेह असलेल्यांच्या, पण स्वतःला मधुमेह नसलेल्या मुलांत दिसणारा फरक निराळा. त्यांची साखर वाढलेलीच नाही, मग इजा होणार कशाने? तिथे नस बहुधा शाबूत असते, तिला मेंदूकडून मिळणारा हुकूमच बदललेला असतो. आमच्या मते या सगळ्या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे, कारण मेलेला धागा परत आणणं फार अवघड असतं आणि बदललेला हुकूम पुन्हा मूळपदावर येऊ शकतो.

हा हुकूम बदलण्यात इन्सुलिनचा मोठा हात दिसतो. टाइप २ मधुमेह असलेल्यांच्या मुलांमध्ये स्नायूंनी इन्सुलिनला दाद न देणं, म्हणजे इन्सुलिन रेझिस्टन्स, साखर बिघडण्याच्या कितीतरी वर्षं आधी सापडतो. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २००४ साली अशी मुलं तपासली. ती तरुण होती, सडपातळ होती, फक्त इन्सुलिन रेझिस्टंट होती. चुंबकीय तपासणीत त्यांच्या स्नायूपेशींच्या आत चरबी जवळपास ८० टक्के जास्त निघाली आणि पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाचं ऊर्जा तयार करण्याचं काम सुमारे ३० टक्क्यांनी कमी निघालं. थोडक्यात, स्नायूंची साखर आणि चरबी जाळण्याची भट्टी मंद होती.

भट्टी मंद असली की स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडून साखर ताळ्यावर ठेवतं. म्हणूनच शुगरचा रिपोर्ट वर्षानुवर्षं छान येत राहतो. पण इन्सुलिनचं काम साखरेपुरतं नाही. ते मेंदूपर्यंत पोचतं आणि सिम्पथेटिक नसांचा जोर वाढवतं. निरोगी माणसाच्या शिरेतून इन्सुलिन देऊन, साखर मात्र स्थिर ठेवून, स्नायूंकडे जाणाऱ्या सिम्पथेटिक नसांचे विद्युत संदेश थेट मोजले गेले आहेत आणि ते वाढलेले दिसले आहेत. रक्तातलं इन्सुलिन कायमच थोडं चढं असेल, तर हा जोरही कायम राहतो. सिम्पथेटिक वर गेली की व्हेगस मागे सरते. पोटातली चरबी यात भर घालते. तिच्यातून सुटणारी मेदाम्लं आणि लेप्टिन नावाचं संप्रेरक हे दोन्ही सिम्पथेटिकला डिवचणारे आहेत.

पुढे चक्र आपणच फिरू लागतं. सिम्पथेटिकच्या जोराने स्नायूंमधल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात, स्नायूंकडे साखर आणि इन्सुलिन दोन्ही कमी पोचतात, यकृत साखर सोडतं, चरबीच्या पेशी मेदाम्लं सोडतात. परिणामी इन्सुलिन रेझिस्टन्स आणखी वाढतो. दुसरीकडे व्हेगस मागे सरली की तिची बाकीची कामंही ढिली पडतात. जेवण समोर आल्यावर स्वादुपिंडाला तयारीत राहायला सांगणं आणि शरीरातला दाह आवरणं ही तिचीच कामं. आधी कोण बिघडलं, इन्सुलिन की नस, हा वाद त्यामुळे कोंबडी आणि अंड्यासारखा होतो. अमेरिकेत १९८७ पासून चाललेल्या एआरआयसी या मोठ्या पाहणीत मध्यमवयीन लोकांचा पाठपुरावा केला गेला. ज्यांची विश्रांतीतली नाडी जास्त होती आणि चढउतार कमी होता, त्यांना पुढे मधुमेह होण्याचं प्रमाण जास्त निघालं. म्हणजे बाण दोन्ही दिशांनी जातो.

रक्तवाहिन्यांचं अस्तरही यात सामील आहे. ते तपासण्याची पद्धत फार सुरेख आहे. दंडावरच्या धमनीची रुंदी अल्ट्रासाउंडने मोजायची, पुढच्या हाताला बीपीचा पट्टा बांधून पाच मिनिटं रक्तप्रवाह पूर्ण थांबवायचा, मग पट्टा सोडायचा. अडलेलं रक्त एकदम धावतं, अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं आणि धमनी काही टक्क्यांनी फुलते. टाइप २ मधुमेह असलेल्यांच्या निरोगी तरुण नातेवाइकांत, विशेषतः जे इन्सुलिन रेझिस्टंट आहेत त्यांच्यात, ती कमी फुलते. याचा नसांशीही संबंध आहे. मानेतल्या धमनीतली आणि महाधमनीतली दाब ओळखणारी नसांची टोकं वाहिनीची भिंत ताणली गेली की मेंदूला कळवतात, आणि मेंदू व्हेगसमार्फत नाडी खाली आणतो. भिंत ताठर झाली की ताण कमी पडतो, निरोप अर्धवट पोचतो आणि ब्रेक उशिरा लागतो.

आईकडून काय येतं, वडिलांकडून काय

अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या पाहणीत, म्हणजे पहिल्या पिढीच्या मुलांनाही पुढे अनेक दशकं तपासत राहिलेल्या अभ्यासात, २००० साली असं दिसलं की फक्त आईला किंवा फक्त वडिलांना मधुमेह असेल तर मुलाला टाइप २ होण्याची शक्यता साधारण साडेतीन पट, आणि दोघांनाही असेल तर सहा पट होते. तिथे आई आणि वडील जवळपास सारखेच ठरले. जनुकं दोघांकडून निम्मी-निम्मी येतात, ते यात दिसतं. एकटं जनुक मात्र फारसं काही करत नाही. २००६ साली सापडलेलं टीसीएफ७एल२ हे टाइप २ मधलं सगळ्यात वजनदार नेहमीचं जनुक, पण त्याचीही एक प्रत धोका फक्त दीडपटीच्या आसपास नेते. घरातून मिळणाऱ्या वारशात जेवायच्या वेळा, झोपायच्या वेळा, बसून राहण्याची सवय, तंबाखू हे सगळंच येतं. जनुकांचा वाटा किती आणि घराचा किती हे वेगळं काढणं म्हणूनच कठीण.

आईकडून मात्र आणखी एक गोष्ट येते, ती म्हणजे नऊ महिन्यांचं गर्भाशय. तिचा परिणाम जनुकांपासून वेगळा काढायला अमेरिकेतल्या ॲरिझोनातल्या पिमा या मूलनिवासी समाजात एक अतिशय हुशारीचा अभ्यास झाला, तोही २००० साली प्रसिद्ध झाला. एकाच आई-वडिलांची भावंडं घेतली. काही आईला मधुमेह होण्याआधी जन्मलेली, काही त्यानंतर. जनुकांचा साठा तोच, घरही तेच. तरी आईच्या मधुमेहानंतर जन्मलेल्यांना मधुमेह होण्याची शक्यता आधी जन्मलेल्या भावंडांपेक्षा साडेतीन पटींहून जास्त निघाली. वडिलांच्या मधुमेहाआधी आणि नंतर जन्मलेल्या भावंडांत असा फरक सापडला नाही. इतका स्वच्छ पुरावा या क्षेत्रात क्वचित मिळतो.

गर्भाशयात घडतं ते असं. वारेतून साखर आरपार जाते, आईचं इन्सुलिन जात नाही. आईची साखर चढली की बाळाची चढते आणि ती उतरवायला बाळाचं स्वतःचं कोवळं स्वादुपिंड जोरात इन्सुलिन तयार करू लागतं. डॅनिश डॉक्टर यॉर्गन पेडरसन यांनी १९५० च्या दशकात मांडलेली ही कल्पना आजही पायाभूत आहे. इन्सुलिन हे वाढीचं संप्रेरक, म्हणून बाळ जड होतं. हृदयाच्या दोन खालच्या कप्प्यांमधला पडदा इन्सुलिनला विशेष दाद देतो, तो जाड होतो. कधी तो इतका जाड होतो की डाव्या कप्प्यातून रक्त बाहेर पडायच्या वाटेवरच अडथळा येतो. अशा नवजात बाळाला धाप लागलेली पाहून हृदयाचा जोर वाढवणारं औषध दिलं, तर अडथळा आणखी वाढतो. आधी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून पाहणं का गरजेचं, ते यावरून कळावं. दिलासा हा की आईच्या साखरेचा पुरवठा थांबल्यावर हा पडदा बहुधा पहिल्या सहा महिन्यांत आपोआप पूर्ववत होतो. जन्मानंतरचे पहिले काही तासही जपण्याचे असतात. नाळ कापल्यावर साखर येणं बंद होतं, इन्सुलिन मात्र चालूच राहतं, म्हणून बाळाची शुगर पहिल्या एक-दोन तासांत झपकन उतरू शकते. अशा बाळाला लवकरात लवकर, शक्यतो पहिल्या तासाच्या आत दूध पाजतात आणि टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन शुगर पुन्हापुन्हा तपासतात.

हृदयाच्या रचनेतले दोष हा याहून वेगळा प्रकार आहे आणि दोन्हींची गल्लत होते. बाळाच्या हृदयाची रचना गर्भधारणेनंतर तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात उरकते. मधुमेह आईला आधीपासून असेल आणि त्या आठवड्यांत साखर चढी असेल, तर पडद्याला भोक, मोठ्या वाहिन्यांची अदलाबदल असे दोष होण्याचं प्रमाण तीन ते पाच पट वाढतं. गरोदरपणातच उद्भवणारा मधुमेह मुख्यतः उत्तरार्धात येतो, तेव्हा हृदय तयार झालेलं असतं. त्यामुळे त्यात पडदा जाड होऊ शकतो, पण असे रचनेचे दोष फारसे वाढत नाहीत. पाळी चुकल्याचं लक्षात येऊन डॉक्टरांकडे जाईपर्यंत निम्मं हृदय तयार झालेलं असतं. म्हणून ज्या स्त्रीला मधुमेह आहे तिने साखर आवरायची ती दिवस राहण्याआधी. एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ६.५ टक्क्यांच्या खाली आणून मगच गर्भधारणा, असा सल्ला दिला जातो. अर्थात साखर धोकादायकरीत्या खाली न जाता ते साधत असेल तर. फोलिक ॲसिडची गोळीही तेव्हापासूनच. पुढे १८ ते २२ आठवड्यांत बाळाच्या हृदयाची खास सोनोग्राफी, म्हणजे फीटल इको, करून घ्यायची. आधी मधुमेह नसलेल्या गरोदर स्त्रीची ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी २४ ते २८ आठवड्यांत होते. उपाशीपोटी ९२, तासाने १८० किंवा दोन तासांनी १५३ यांपैकी एकही आकडा गाठला गेला तरी गरोदरपणातला मधुमेह धरतात.

मोठेपणीचं काय? डेन्मार्कमध्ये १९७७ ते २०१६ दरम्यान जन्मलेल्या चोवीस लाखांहून जास्त मुलांची नोंद तपासली गेली. मधुमेह असलेल्या आईच्या मुलांमध्ये चाळिशीपर्यंत हृदय आणि रक्तवाहिन्यांचे आजार होण्याचा दर २९ टक्क्यांनी जास्त निघाला. हा आकडा ऐकून घाबरू नये. तरुण वयात मुळात हे आजार थोड्यांनाच होतात, त्या थोड्यांवर २९ टक्के. मधुमेहासोबत आईला हृदयविकारही असेल तर दर आणखी वाढलेला दिसला.

टाइप १ मध्ये, म्हणजे स्वादुपिंड इन्सुलिन बनवणंच जवळपास थांबवतं त्या प्रकारात, चित्र उलटं आहे. वडिलांना टाइप १ असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता सतरात एक. आईला असेल तर पंचवीस वर्षांआधीच्या बाळंतपणात पंचवीसात एक आणि त्यानंतरच्या बाळंतपणात शंभरात एक. आईकडून धोका कमी का, याचं पक्कं उत्तर हाती नसलं तरी आकडे पुन्हापुन्हा असेच आले आहेत.

मोजताना कुठे चुकतं

स्वायत्त नसांच्या तपासणीचा जुना आणि अजूनही वापरात असलेला संच डेव्हिड युइंग यांनी एडिंबरामध्ये बसवला. त्यातल्या तीन चाचण्या व्हेगसच्या आहेत. पहिली खोल श्वासाची. मिनिटाला सहा श्वास, पाच सेकंद आत, पाच सेकंद बाहेर. ईसीजीवर जास्तीत जास्त आणि कमीत कमी नाडीतला फरक १५ किंवा जास्त असेल तर ठीक, ११ ते १४ काठावर, १० किंवा कमी असेल तर बिघाड. दुसरी उभं राहण्याची. आडव्या माणसाने उठून उभं राहिल्यावर पंधराव्या ठोक्याच्या आसपास अंतर सगळ्यात लहान असतं आणि तिसाव्याच्या आसपास सगळ्यात मोठं. ६०० आणि ७२० मिलिसेकंद असतील तर गुणोत्तर १.२०. ते १.०४ किंवा जास्त असावं. तिसऱ्या चाचणीत नळीत फुंकून ४० मिलिमीटर दाब १५ सेकंद टिकवायचा असतो. डोळ्यांच्या पडद्यावर नाजूक नव्या रक्तवाहिन्या फुटलेल्या असतील तर ही चाचणी करू नये, दाबाने रक्तस्राव होऊ शकतो. उरलेल्या दोन रक्तदाबाच्या आहेत. उभं राहिल्यावर वरचा बीपी किती उतरतो ते पाहायचं, आणि पूर्ण ताकदीच्या ३० टक्के जोराने मूठ आवळून पाच मिनिटांपर्यंत धरल्यावर खालचा बीपी किती चढतो ते पाहायचं. तो १६ किंवा जास्त चढला तर ठीक.

हे सगळे आकडे मधुमेही रुग्णांतली इजा पकडण्यासाठी ठरवलेले आहेत. रुग्णाचं बावीस वर्षांचं मूल यात जवळपास नेहमीच पास होतं. वयाचा विचार न करता १५ ची रेघ लावली तर तरुणातला सौम्य फरक सुटतो आणि सत्तरीतला निरोगी माणूस नापास होतो.

एचआरव्ही मोजताना तर चुका करायला भरपूर वाव आहे. आदल्या १२ तासांत चहा, कॉफी, तंबाखू, दारू नको. जेवून किमान दोन तास झालेले हवेत. लघवीला जाऊन यावं, कारण भरलेलं मूत्राशय सिम्पथेटिक वाढवतं. खोली ना गार ना गरम. दहा मिनिटं निवांत पडल्यावर मगच पाच मिनिटांची नोंद. त्या वेळात बोलायचं नाही, थुंकीही कमीच गिळायची. बीटा ब्लॉकर, म्हणजे नाडी मंदावणारं औषध, घेणाऱ्याचा एचएफ त्या औषधानेच बदलतो. नोंदीत एखादा ठोका अवेळी पडला तर तो काढावाच लागतो, नाहीतर आकडा फसवा फुगतो. ७००-७०० च्या रांगेत एक ४५० चा ठोका आणि मागून आलेला ९५० चा लांब खंड, एवढ्याने आरएमएसएसडी भलतीकडे जातो आणि थकलेलं हृदय तरतरीत वाटू लागतं. मनगटावरची घड्याळं विजेऐवजी प्रकाशाने नाडी ओळखतात. हात हलला की त्यांची अंतरं चुकतात. झोपेतला, आठवडाभराचा आणि स्वतःचाच स्वतःशी ताडून पाहिलेला आकडा उपयोगाचा. मित्राच्या घड्याळातल्या आकड्याशी तुलना करून काहीही कळत नाही.

खर्च न करता करता येण्यासारखी एक खूण आहे. ट्रेडमिलवरच्या चाचणीत जोराचा व्यायाम थांबवून हळू चालायला लागल्यावर पहिल्या मिनिटात नाडी १२ पेक्षा जास्त उतरावी. व्यायाम थांबताच व्हेगस परत पकड घेते, म्हणून ती उतरते. घरी जोरात चालून आल्यावर हे ढोबळ पाहता येतं. अचूक निदानासाठी नव्हे, पण दर महिन्याला सारख्याच वाटेवर, सारख्याच वेगाने चालून पाहिलं तर आपली दिशा कळते.

काय करायचं

आई-वडिलांपैकी कुणाला मधुमेह असलेल्या प्रत्येक तरुणाची एचआरव्ही तपासावी असं आम्ही म्हणणार नाही. तिच्यावरून उपचार बदलत नाहीत. तपासायची ती साखर, बीपी, कोलेस्टेरॉल आणि कंबर. उपाशीपोटी शुगर १०० ते १२५ किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, १२६ किंवा ६.५ आणि त्यापुढे मधुमेह, दुसऱ्यांदा तपासून पक्का केलेला. वजन जास्त असेल तर तपासणीसाठी पस्तिशीची वाट पाहायची नाही. वजन जास्त असलेल्या मुलाची तपासणी दहाव्या वर्षापासून किंवा वयात येताना, यांपैकी जे आधी असेल तेव्हापासून, सुरू करतात. आईला त्याच्या वेळी गरोदरपणात मधुमेह असेल तर हे अधिकच लागू.

चक्र तोडायची सगळ्यात सोपी जागा स्नायू आहे. चालता स्नायू इन्सुलिनशिवायही साखर ओढतो, मंद भट्टी पेटते, इन्सुलिन उतरतं आणि सिम्पथेटिकवरचा रेटा कमी होतो. शिवाय नियमित दमसासाच्या व्यायामाने विश्रांतीतली नाडी उतरते, व्हेगसचा चढउतार वाढतो. अमेरिकेतल्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅममध्ये उंबरठ्यावरच्या लोकांना आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम आणि ७ टक्के वजन कमी करण्याचं उद्दिष्ट दिलं होतं. जवळपास तीन वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिनच्या गोळीने ३१ टक्क्यांनी. ८० किलोच्या माणसाला ७ टक्के म्हणजे साडेपाच किलो. तंबाखू सोडणं आणि सात तासांची झोप यांचा नसांवर परिणाम थेट होतो. एका रात्रीच्या जागरणानेही सकाळी इन्सुलिनचा असर घटलेला मोजता येतो. मात्र सहा महिने व्यायाम करून दोन महिने थांबलात, तर मिळवलेलं बरंचसं ओसरतं.

मधुमेह नसतानाही विश्रांतीत नाडी सतत १०० च्या वर, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी, विनाकारण बेशुद्धी किंवा श्रम करताना छातीत दुखणं असेल, तर ते ‘घराण्यातलं असेल’ म्हणून सोडायचं नाही. ॲनिमिया, थायरॉइड आणि हृदयाच्या वाहकतेचे, म्हणजे त्यातल्या विद्युत संदेशांच्या वाटेचे, दोष आधी तपासायला हवेत.

डॉक्टरांकडे जाताना ‘घरी शुगर आहे’ एवढंच सांगू नका. कुणाला, कितव्या वर्षी, सुरुवातीपासून इन्सुलिन की गोळ्या, आणि आपल्या वेळी आईची शुगर वाढली होती का, जन्मवजन किती होतं, हे लिहून न्या. तीन पिढ्यांत दरवेळी पंचविशीच्या आत आणि सडपातळ माणसाला मधुमेह होत असेल तर एकाच जनुकातल्या बिघाडाने होणारा ‘मोडी’ (MODY) हा मधुमेहाचा प्रकार असू शकतो. त्यात प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते आणि काही प्रकारांत इन्सुलिनऐवजी साधी गोळी पुरते. आईच्या बाजूने मधुमेहासोबत तरुणपणीच बहिरेपण येत असेल तर तेही जरूर सांगा. मायटोकॉन्ड्रियातला एक बदल फक्त आईकडूनच मुलांत उतरतो, कानाबरोबर हृदयाचा स्नायू आणि त्याची वाहकताही बिघडवू शकतो, आणि अशा घरातल्या मुलांचा ईसीजी आणि इको त्रास सुरू होण्याची वाट न पाहता काढतात.